कंबरेतली उसण : डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर, दोन्ही अनुभव

धुतलेल्या कपड्यांची टोपली उचलताना कंबरेत उसण भरली आणि पुढचे चार दिवस मला बुटाची नाडीही बांधता येईना. लॉस एंजेलिसजवळच्या आमच्या उपनगरात पायाळू माणूस शोधून त्याची लाथ खाण्याची सोय नसल्यामुळे मी आधी विम्यातल्या डॉक्टरांकडे आणि दोन आठवड्यांनी एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी मणक्यांना झटके देऊन उपचार करणाऱ्याकडे, गेलो. हे परीक्षण मुख्यतः त्या दुसऱ्या सेवेचे आहे.

डॉक्टरांनी पायांतली ताकद तपासली, लघवीवर ताबा आहे ना, जांघेत बधिरपणा नाही ना, हे विचारले, एक्स-रेची गरज नसल्याचे सांगितले आणि शेक, चालणे व थोडे दिवस आयबुप्रोफेन एवढ्यावर दहा मिनिटांत माझी बोळवण केली. सल्ला अचूक होता. बोळवण मात्र बोळवणच होती.

कायरोप्रॅक्टरने पहिल्याच भेटीत पाऊण तास दिला. मला कुशीवर झोपवून, वरचा गुडघा वाकवून आणि खांदा मागे धरून त्याने कंबरेला नेमका झटका दिला, तेव्हा ‘कट्‌’ असा आवाज झाला आणि उठल्यावर वाकणे खरोखरच सोपे वाटले. मणका जागेवर बसल्याचा तो आवाज, हे त्याचे स्पष्टीकरण मात्र मला पटले नाही, कारण तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याने येतो आणि अशा साध्या उसणीत मणका मुळात सरकलेलाच नसतो. १८९५ मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्टला या उपचारपद्धतीचे जनक डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबून त्याला ऐकू आणल्याचा दावा केला, त्या दाव्याचे चित्र प्रतीक्षाकक्षात मोठ्या अभिमानाने लावलेले होते. मी कंबर घेऊन आलो होतो, हे एक बरे झाले.

याच दक्षिण कॅलिफोर्नियात ६८१ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर कायरोप्रॅक्टिक व वैद्यकीय उपचारांच्या गुणात फारसा फरक दिसला नव्हता. अमेरिकी सैन्यदलातील ७५० जणांच्या २०१८ च्या चाचणीत सहा आठवड्यांनी मध्यम स्वरूपाचा जादा फायदा दिसला, पण तिथे झटके नेहमीच्या वैद्यकीय उपचारांच्या जोडीला दिले होते, त्यांच्याऐवजी नव्हे. माझाही अनुभव त्याच्याशी जुळतो : प्रत्येक सत्रानंतरचे दोन दिवस हलके जात आणि त्या दोन दिवसांत चालणे वाढवता येई.

तक्रार विक्रीच्या पद्धतीबद्दल आहे. दुसऱ्याच भेटीत चोवीस सत्रांचे आगाऊ पैसे, संपूर्ण पाठीचा एक्स-रे आणि दुखत नसलेल्या मानेलाही झटका, असा प्रस्ताव पुढे आला. मानेच्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे नोंदलेली असल्यामुळे मी मानेला हात लावू दिला नाही, आणि दर भेटीचे पैसे त्या त्या वेळी देऊन सहाव्या सत्रानंतर थांबलो. हातांच्या कौशल्याला पाचपैकी चार तारे, स्पष्टीकरणाला एक आणि त्या चोवीस सत्रांच्या पॅकेजला एकही नाही.