पानात टाकायचं नाही, की पोट भरलं तर पुरे?

लहानपणी आमच्या घरी यातला पहिला नियम होता. वरणभात गार होऊन वर तूप थिजलं, तरी पान रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही. शेवटचे चार घास मी पाण्यासोबत गिळायचे. अन्नाची किंमत कळली, पण पोट कधी भरतं हे कळेनासं झालं.

दुसरी पद्धत अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडली. काय, कधी, कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. लेक अर्धी पोळी ठेवून उठते तेव्हा माझा जीव अजूनही तुटतो. म्हणून आधी थोडंच वाढते, लागलं तर ती मागते. मला हीच पद्धत पटते.

पान संपवण्याच्या आग्रहानं सगळ्यांनाच खाण्याचे विकार जडतात असं नाही. आनुवंशिकता, स्वभाव, ताण हेही असतं. पुन्हापुन्हा, ताबा सुटून, थोड्या वेळात खूप खाणं, अनेकदा लपूनछपून, हा ‘बिंज ईटिंग’ विकार २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात स्वतंत्र आजार आहे. घरच्यांनी वजनावरून चिडवणं आणि पुढचे विकार यांचा संबंध अभ्यासांत वारंवार दिसतो. त्यामुळे ‘किती सुटलीस गं!’ हे वाक्य आमच्या जेवणात आता कुणालाच, आजीलाही, बोलू देत नाही.