'नोस्ट्रोमो' : काही महिन्यांच्या सहवासानंतर

जोसेफ कॉनरॅड यांची १९०४ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मी भर उन्हाळ्यात हाती घेतली, धानाची रोवणी आटोपल्यावर पूर्ण केली आणि त्यानंतर कापणीपर्यंत तिचे काही भाग पुन्हा पुन्हा वाचले. आमच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीच्या आधाराने गावे कशी जगतात हे पाहत वाढलेल्या वाचकाला ही कादंबरी फार जवळची वाटेल.

कॉस्टाग्वाना हा दक्षिण अमेरिकेतील काल्पनिक देश, सुलाको हे त्याचे बंदर आणि सान तोमे ही तिथली चांदीची खाण. या खाणीपायी वडिलांचे आयुष्य नासले, त्यांनी मुलाला या देशात कधी परतू नकोस असे बजावले, तरीही चार्ल्स गूल्ड परत येतो. त्याला चैन करायची नाही. खाण चालली की कायदा येईल, सुव्यवस्था येईल, असा त्याचा प्रामाणिक विश्वास आहे, आणि त्या विश्वासापोटी तो पुढाऱ्यांना पैसा पुरवतो, बंडाला हातभार लावतो, पत्नीपासून मात्र दुरावत जातो. लोभाचे इतके सभ्य रूप मी अन्यत्र वाचलेले नाही.

सुरुवातीची शंभरेक पाने कठीण आहेत. राष्ट्राध्यक्ष जीव वाचवून पळतो हे आधी कळते, त्याचा थाटमाट नंतर दिसतो आणि उठावाचे कारण त्याहून उशिरा उलगडते. पात्रांची व घटनांची नोंद वहीत ठेवल्यास हा गुंता सुटतो. दुसऱ्या वाचनात तर तो आवश्यकच वाटतो.

सर्वांत प्रभावी भाग चांदी लपवण्याचा आहे. बंदरावरच्या हमालांचा मुकादम नोस्ट्रोमो आणि पत्रकार डेकू रात्रीच्या काळोखात चांदी बेटावर नेऊन पुरतात, आणि गावाला ती समुद्रात बुडाली असे वाटते. पुढे एकांत असह्य होऊन डेकू चार लगडी खिशात घालून स्वतःला संपवतो. त्या चार लगडींचा हिशेब देता येणार नाही, म्हणून आजवर निष्कलंक राहिलेला नोस्ट्रोमो उरलेली चांदी परत करू शकत नाही आणि ती थोडी थोडी विकत श्रीमंत होतो. माणूस चोर कसा बनतो याचे इतके अचूक चित्रण क्वचितच आढळते.

शेवटचे प्रेमप्रकरण मला घाईचे वाटले. त्याहून मोठी उणीव खाणमजुरांची आहे. त्यांच्या तीन वस्त्या कादंबरीत केवळ पहिली, दुसरी, तिसरी म्हणून ओळखल्या जातात. संकटात तेच गूल्डला वाचवायला शहरावर चालून येतात, पण त्यांच्यापैकी एकाच्याही घरात कॉनरॅड आपल्याला नेत नाहीत.