अ‍ॅप बिटवॉर्डनचं, सर्व्हर आपला: काही महिन्यांच्या वापरानंतर

बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या अ‍ॅपच्या लॉगिन स्क्रीनवर एक बारीक ओळ असते: लॉगिन कुठल्या सर्व्हरवर करताय? तिच्यावर टिचकी मारली की कंपनीच्या अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या सर्व्हरसोबत आणखी एक पर्याय दिसतो, सेल्फ-होस्टेड, म्हणजे स्वतः चालवलेला सर्व्हर. तिथे आपल्या सर्व्हरचा पत्ता टाकला की झालं. त्यासाठी वेगळं अ‍ॅप नाही. लाखो लोक वापरतात तेच अ‍ॅप मुकाट्याने आपल्या मशीनशी बोलायला लागतं. पैसे देणारं गिऱ्हाईक आपल्या सर्व्हरवरून उठून जाऊ शकेल असं दार कंपनीने स्वतःच बांधून ठेवलंय, आणि काही महिने रोज वापरल्यावर मला या सगळ्यात तीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

माझ्याकडे सर्व्हर म्हणून व्हॉल्टवॉर्डन चालतो. बिटवॉर्डनचा अधिकृत सर्व्हर सी शार्प या भाषेत लिहिलेला आहे, कोड एजीपीएल लायसन्सखाली खुला आहे आणि तो स्वतःकडे चालवता येतो. पण त्याची नेहमीची मांडणी मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आणि बरेच कंटेनर (आपापल्या डब्यात वेगळे चालणारे प्रोग्रॅम) घेऊन येते, किमान २ जीबी रॅम मागते. एका घरच्या पासवर्डांसाठी हा पसारा मला नको होता. (एका कंटेनरमध्ये मावणारा हलका अधिकृत पर्यायही आता आहे.) व्हॉल्टवॉर्डन हा स्वयंसेवकांनी रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेला, त्याच अ‍ॅपना चालणारा सर्व्हर. आधी त्याचं नाव बिटवॉर्डन आरएस होतं, २०२१ मध्ये बदललं. एक कंटेनर, एक डेटा फोल्डर, आत एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची फाइल. जुन्या लहानशा मशीनवर तो आहे हे जाणवतसुद्धा नाही.

आता कंपनीच्या बाजूने बघा. अधिकृत सर्व्हरवर ज्या काही सोयींसाठी पैसे मोजावे लागतात, त्या व्हॉल्टवॉर्डन फुकट देतो. दुसऱ्या एखाद्या कंपनीने अ‍ॅपमध्ये अडथळे घातले असते. इथे उलट व्हॉल्टवॉर्डनच्या चमूतली एक व्यक्ती बिटवॉर्डनमध्ये नोकरीला आहे आणि स्वतःच्या वेळात या प्रकल्पावर काम करायची तिला मुभा आहे. प्रकल्पाच्या माहितीपानावर हे उघड लिहिलंय.

म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मधल्या प्रकाराने अनेकांच्या पोटात गोळा आला. डेस्कटॉप अ‍ॅपला एक अंतर्गत एसडीके (तयार कोडचा संच) लागायला लागलं, आणि त्याच्या लायसन्समध्ये अट होती की बिटवॉर्डनखेरीज दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी ते वापरायचं नाही. म्हणजे अ‍ॅपचा कोड जीपीएल या खुल्या लायसन्सखाली, पण ज्याच्याशिवाय तो बिल्ड होत नाही तो तुकडा बंदिस्त. लोकांनी गिटहबवर, म्हणजे हा कोड ठेवलेल्या साइटवर, विचारलं. संस्थापक काइल स्पीअरिन यांनी हा बग असल्याचं सांगितलं, आणि पुढे एसडीकेचा आवश्यक भाग जीपीएलखाली आला. मला त्यातली दुरुस्ती महत्त्वाची वाटते, पण त्याहून महत्त्वाचं हे की बाहेरच्या लोकांना ती अट दिसू शकली. कोड बंद असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचं लायसन्स २०२३ मध्ये आणि रेडिसचं २०२४ मध्ये बदललं, तेव्हा त्यांच्या जुन्या कोडवरून ओपनटोफू आणि व्हॅल्की हे खुले पर्याय उभे राहिले तेही आधीचा कोड लोकांच्या हातात होता म्हणूनच.

एक सीमा मात्र नीट समजून घ्या. बिटवॉर्डनच्या सर्व्हरच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) एक वेगळं फोल्डर आहे. मोठ्या कंपन्यांना लागणाऱ्या काही सोयी त्यात आहेत आणि त्याला कंपनीचं स्वतःचं लायसन्स लागू होतं. तो कोड वाचता येतो, पण तो ओपन सोर्स नव्हे. वेगळं फोल्डर, वेगळं लायसन्स, सगळं समोर; ही पद्धत मला मान्य आहे.

रोजच्या वापराबद्दल सांगायचं तर ऑटोफिल आणि सिंक यांत कंपनीच्या सर्व्हरपेक्षा काही वेगळं वाटत नाही. सर्व्हर बंद असला तरी आधी लॉगिन केलेल्या फोनवर जुने पासवर्ड दिसतात. नवा साठवायला गेलं की एरर येते. एचटीटीपीएस हवंच, नाहीतर वेब व्हॉल्ट (ब्राउझरमध्ये उघडणारी पासवर्डांची तिजोरी) चालत नाही, कारण ब्राउझर एन्क्रिप्शनची सोय सुरक्षित पत्त्यावरच देतो. घरच्यांची खाती उघडून झाली की नवीन नोंदणी बंद करून टाका. फोनवरचं अ‍ॅप स्टोअरमधून आपोआप अपडेट होतं, सर्व्हर होत नाही. तो मागे पडू देऊ नका.

खरं काम बॅकअपचं. एसक्यूलाइटची मुख्य फाइल सर्व्हर चालू असताना नुसती कॉपी करणं धोक्याचं आहे. ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या वॉल (WAL) नावाच्या फाइलमध्येच असतात, त्यामुळे कॉपी अर्धवट निघू शकते. एसक्यूलाइटची बॅकअप कमांड वापरली की पूर्ण प्रत मिळते. सोबत अटॅचमेंटचं फोल्डर आणि कॉन्फिग फाइलही घ्यायची. माझ्याकडे हे रोज रात्री आपोआप होतं, आणि अधूनमधून ती प्रत दुसऱ्या मशीनवर चढवून मी लॉगिन करून बघते. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपवर घरच्या सगळ्यांचे पासवर्ड सोडायला मी तयार नाही.

हे करायला वेळ किंवा मन नसेल तर बेलाशक कंपनीच्या सर्व्हरवर खातं उघडा. व्हॉल्ट तिथेही तुमच्या मशीनवरच एन्क्रिप्ट होऊन जातो, आणि त्यांची माणसं सर्व्हरवर जेवढं लक्ष ठेवतात तेवढं घरी ठेवणं अवघड आहे.

व्हॉल्ट माझ्या सर्व्हरवर असूनही मी बिटवॉर्डनचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलंय, आणि व्हॉल्टवॉर्डनलाही देणगी देते. दिवसभर हातात असतं ते अ‍ॅप, आणि ते बनवणाऱ्यांचा पगार कंपनी देते.