सायलेंट हिल एफ : धुकं तेच, गाव मात्र जपानचं

हॉरर गेमचा विषय निघाला की एक वाटणी ठरलेली असते. पाश्चात्त्य म्हणजे रक्त, बंदुका आणि अंगावर झेप घेणारं काहीतरी. जपानी म्हणजे शांतता, आडून सुचवणं आणि मोकळ्या केसांची बाई. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला ‘सायलेंट हिल एफ’ ही वाटणी उधळून लावतो. ‘सायलेंट हिल’ या हॉरर गेम मालिकेच्या मुख्य गेमपैकी जपानमध्ये घडणारा हा पहिलाच, आणि त्यातली सर्वांत क्रूर दृश्यं घडतात ती नेमकी त्यातल्या सर्वांत जपानी जागी, अंधाऱ्या देवळात. मोकळ्या केसांची बाई मात्र त्याने जवळपास टाळली आहे. बरंच झालं, तिचा आता पार चोथा झाला आहे.

तसं पाहिलं तर जपानी हॉरर गेम निव्वळ जपानी कधीच नव्हते. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने कॅमेऱ्याचे ठरलेले कोन १९९२ च्या ‘अलोन इन द डार्क’ या फ्रेंच गेमवरून उचलले आणि झॉम्बी अमेरिकेतून आणले. पहिला ‘सायलेंट हिल’ (१९९९) कोनामी या कंपनीच्या जपानी टीमने केला, पण गाव अमेरिकन. रस्त्यांना ब्लॉक, ब्रॅडबरी, मॅथेसन अशी अमेरिकन भयकथाकारांची नावं. २००१ च्या दुसऱ्या भागात राक्षस नायकाच्या अपराधीपणातून जन्मतात, आणि मालिकेचं खरं वळण तिथे आलं. पुढे ती ब्रिटिश, अमेरिकन, झेक अशा स्टुडिओंच्या हाती फिरली. राक्षस वाढले, ते कोणाच्या मनातून आले हे विचारायचं राहून गेलं. ‘एफ’ तैवानच्या निओबार्ड्स या स्टुडिओने घडवला. कथा र्‍युकिशी०७ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जपानी लेखकाची, राक्षसांची रेखाटनं केरा या चित्रकाराची. संगीतात पहिल्या भागापासूनचे अकिरा यामाओका आहेत.

काळ १९६० च्या दशकातला. गाव एबिसुगाओका, त्यासाठी गिफू प्रांतातल्या गेरो शहराचा कानायामा हा भाग नमुना म्हणून घेतला आहे, आणि ते जाणवतं. बोळ इतके अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागेल. दगडी पायऱ्या, उघडी गटारं, पत्र्याच्या भिंती, वरून गेलेले पाइप. अमेरिकन सायलेंट हिलमध्ये धुकं रुंद रस्ता गिळून टाकतं. इथे रस्ताच दहा पावलांवर वळतो, त्यामुळे धुक्याला वेगळं काम मिळतं: वळणापलीकडचा आवाज कुठल्या बोळातून आला हेच कळू देत नाही.

आणि फुलं. हिगानबाना हे लाल फूल जपानमध्ये शरद ऋतूत, पितरांची आठवण काढायच्या दिवसांत फुलतं. त्याचा कंद विषारी, म्हणून ते भाताच्या बांधांवर आणि कबरींजवळ लावत. उंदीर-घुशी लांब राहतात. गेममध्ये हीच फुलं साथीसारखी गावभर पसरतात, भिंतींवर मांसाच्या दोऱ्यांसारखी मुळं सोडतात, माणसांच्या अंगातून उगवतात. भीतीत दडलेलं सौंदर्य हे या गेमचं घोषवाक्य. एरवी अशी वाक्यं जाहिरातीपुरती असतात, इथे ते खरं ठरलं आहे. नायिका हिनाको शाळकरी मुलगी आहे. बाप दारुडा, मोठी बहीण लग्न होऊन गेलेली, आणि आता हिच्याबद्दल घरात कुजबुज. मुलीचं लग्न हा व्यवहार असतो हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, म्हणून कथेतली भीती इथल्या माणसाला सायलेंट हिलच्या कुठल्याही अमेरिकन भागापेक्षा लवकर लागते.

वाटेत होकोरा भेटतात, म्हणजे आपल्याकडच्या घुमट्यांसारखी रस्त्याकडेची छोटी देवळं. तिथे गेम सेव्ह होतो, आणि खिशातली वस्तू वाहिली की फेथ नावाचे गुण मिळतात. फेथ आणि एमा, म्हणजे नवस लिहायच्या लाकडी पाट्या, देऊन आरोग्य, दम किंवा मनाचा ताबा वाढवता येतो. एमा मोजक्याच सापडतात, म्हणून पहिल्या दोन दमावर खर्च करा. चुकवणं आणि जड घाव दोन्ही दमावर चालतात, तो संपला की हिनाको धापा टाकत उभी राहते आणि मार खाते. फेथ देऊन ताईतही काढता येतात, पण कुठला हाती येईल ते नशिबावर. त्या नादात सुरुवातीलाच सगळं फेथ उधळू नका. झोळी लहान आहे, तेव्हा ज्या वस्तूंचा वाहण्याशिवाय उपयोग नाही त्या पुढच्या घुमटीवर लगेच मोकळ्या करा. औषधं वाहायची ती जागाच नसेल तेव्हा.

बिघडतं ते मारामारीत. बंदूक नाही, हे उत्तम. लोखंडी नळी, बॅट, विळा, घण अशी हत्यारं, एका वेळी तीनच. वापरून झिजतात, टूलकिटने दुरुस्त होतात. शत्रू क्षणभर चमकला की जड घाव घालायचा, म्हणजे तो कोलमडतो. नेमक्या क्षणी चुकवलं तर दम पूर्ण भरतो. फोकस, म्हणजे बटण दाबून एकाग्र होणं, धरला की घाव घालायची वेळ साधणं सोपं जातं, बदल्यात मनाचा ताबा खर्च होतो. कागदावर छान. पण काशिमाशी, ती सुरी घेतलेली, सांधे कडकडवत अडखळत येणारी बाहुली, पहिल्यांदा बोळात दिसते तेव्हा जे वाटतं ते चमक ओळखायची सवय झाली की उरत नाही. भीतीची जागा तालमीला मिळते. उत्तरार्धात तर वाट अडवून एकामागून एक शत्रू सोडले आहेत आणि अरुंद जागेत कॅमेरा पाठीशी घोटाळतो. याला पाश्चात्त्य प्रभाव म्हणून हात झटकता येणार नाहीत. दम मोजत, क्षण साधत लढायची ही पद्धत जपानी ॲक्शन गेमांनीच जगभर रुजवली.

यावर उपाय आहे. ॲक्शनची पातळी ‘स्टोरी’ ठेवा, कोड्यांची ‘हार्ड’. दोन्ही वेगळ्या निवडता येतात. नंतरच्या अपडेटने ‘कॅज्युअल’ ही आणखी सोपी पातळीही दिली. शत्रू मारून काहीच मिळत नाही, तेव्हा वाट मोकळी असेल तर पळा. हत्यार वाचतं, भीतीही टिकते. कोडी चांगली आहेत. शेतातल्या बुजगावण्यांचं कोडं चिठ्ठीतल्या वर्णनावरून सोडवायचं असतं, चुकीच्या बुजगावण्याला हात लावला की अंगावर येतं. तिथे अंदाजाने हात लावत फिरणाऱ्याची औषधं संपतात. पीएस५ वर चित्राच्या दर्जापेक्षा परफॉर्मन्स मोड घ्या, क्षण साधायला तो लागतोच. पीसीवर किमान १६ जीबी रॅम आणि ५० जीबी जागा हवी. आवाज जपानीच ठेवा. हिनाकोला आवाज देणाऱ्या कोनात्सु कातोने तिचा राग गिळलेला ठेवला आहे.

पोलंडच्या ब्लूबर टीमचा ‘सायलेंट हिल २’चा रिमेक (२०२४) शेजारी ठेवला तर फरक कळतो. तिथेही चुकवायचं बटण आहे, पण नायक जेम्स जेमतेम लढतो आणि पुतळ्यांसारखे राक्षस फर्निचरमागे निश्चल दबा धरून बसतात. भीतीच्या हिशेबात तो सरस, लेखनाच्या आणि जागेच्या हिशेबात ‘एफ’. मालिका नवी असेल तरी ‘एफ’पासून सुरुवात चालते, कथा स्वतंत्र आहे.

शेवट पाच आहेत. पहिल्या खेळीत काहीही करा, एकच मिळतो, आणि तो अर्धवट वाटतो. गेम तिथे सोडलात तर निम्मी गोष्टच कळली नाही. दुसऱ्या खेळीत नवी कागदपत्रं, नवे प्रसंग येतात, पाहिलेली दृश्यं वगळता येतात. तेव्हा डोकेदुखीवरच्या लाल कॅप्सूल घेऊ नका, त्या शेवटावर परिणाम करतात. एका शेवटाचं नाव ‘कोल्ह्याचं लग्न’. उन्हात पाऊस पडला की कोल्ह्याचं लग्न लागतं हे जपानी पोरांनाही ठाऊक असतं. पहिली खेळी दहा-बारा तासांची, सगळे शेवट पाहायचे तर दुपटीहून जास्त. घरातली मारहाण, छळ आणि शरीराची विटंबना यांची सूचना गेम सुरुवातीलाच देतो, जपानमध्ये त्याला फक्त प्रौढांसाठीचं झेड प्रमाणपत्र आहे. देवळातले विधी पाहताना ती सूचना मनावर घेतलेली बरी.