तुर्भे एमआयडीसीतलं पाइपवालं गॅरेज, अनुभव चांगला

माझ्या दीड लिटर टर्बो डिझेल गाडीला अडीच इंची इंटरकूलर पाइप (टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड होऊन इंजिनाकडे जाते, तो पाइप) बसवायचाच म्हणून गेलो होतो, पण तिथल्या दादांनी आधी टर्बोचं आउटलेट मोजलं आणि सरळ सांगितलं की साहेब दोन इंच पुरे, कारण अडीचमध्ये आतली जागा दीडपटीहून जास्त होते, तेवढी हवा भरून प्रेशर यायला वेळ लागतो आणि पाम बीच रोडच्या सिग्नलवरून उठताना लॅग, म्हणजे पिकअप उशिरा मिळणं, जाणवणार. जास्त पैशांचं काम असून नाही म्हणाले, हे मला फार आवडलं!! अ‍ॅल्युमिनियम पाइप, टोकांना बीड (होज निसटू नये म्हणून उंच कडा) काढलेली, जोडायला सिलिकॉन होज, ते आवळायला टी-बोल्ट क्लॅम्प, बेंडही कमी ठेवलेत. पार्किंगचे मात्र हाल आहेत. दोन महिने झाले, एकदाही होज निसटला नाही.