एक्झॉस्ट फॅनला स्मार्ट रिले आणि सेन्सर: एक पावसाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी इलेक्ट्रिकलवाली नाही, बँकेत काम करते, पण घरातल्या ह्या असल्या गोष्टींचा किडा मलाच आहे, नवऱ्याला नाही. डोंबिवलीत जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, संडास-बाथरूम एकत्र, ५ बाय ८ फुटांचं, एकच छोटी काचपट्ट्यांची खिडकी आणि तिच्यातच वरच्या दोन पट्ट्या काढून ६ इंची एक्झॉस्ट फॅन बसवलेला. दर पावसाळ्यात छतावर काळे ठिपके, टॉवेल वाळत नाही, कुबट वास, आणि दिवाळीला रंग काढला की गणपतीपर्यंत पुन्हा पापुद्रे. पंखा आहे ना मग? आहे, पण लावतं कोण. आणि लावला तर बंद कोण करतं. सकाळी ८:१२ च्या लोकलसाठी पळताना कोणाला आठवतंय, संध्याकाळी परत आले की घरघर चालूच.

म्हणून मागच्या जूनमध्ये तीन वस्तू घेतल्या. स्विचबोर्डच्या मागे बसणारा छोटा वायफाय रिले, म्हणजे फोनवरून चालू-बंद करता येणारा स्विच (काडेपेटीपेक्षा जरा मोठा), ८५० रुपये. झिग्बीवाले (वायफायसारखंच बिनतारी, पण बॅटरी कमी खाणारं) दोन तापमान-आर्द्रता सेन्सर, साधारण हजार-हजारला पडले. आणि सेन्सरचे सिग्नल पकडणारा झिग्बीचा यूएसबी डोंगल, कारण घरात एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) पडून होता, त्यावर होम असिस्टंट टाकलं, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं फुकट सॉफ्टवेअर. रिलेच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली त्याची तक्रार आहे आणि माझ्या एका पीसवरून कंपनीला नावं ठेवायची नाहीयेत. तसेही हे रिले दहा नावांनी मिळतात आणि सगळे सारखेच दिसतात.

बसवणं. इथे पहिली गोष्ट म्हणजे न्यूट्रल. रिलेला स्वतःला चालायला फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्ही लागतात, आणि ज्या बोर्डावर फक्त बटणं आहेत, सॉकेट नाही, तिथे न्यूट्रल असेलच असं नाही. आमच्या नशिबाने बाथरूमबाहेरच्या बोर्डावर गीझरचा सॉकेट आहे त्यामुळे मिळाला. ऑर्डर करायच्या आधी वायरमनला बोर्ड उघडून दाखवा, नाहीतर डबा परत पाठवत बसाल. आणि बोर्ड बाथरूमच्या आत असेल तर हा उद्योगच नको. वायरमनदादा आले, एमसीबी पाडला, अर्ध्या तासात काम, ३०० रुपये. जाताना म्हणाले, "ताई, गीझर नका हो ह्याच्यावर टाकू." मी टाकणार नव्हतेच पण सांगितलं ते बरं केलं. २००० वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपियर सतत ओढतो आणि ह्या डबीवर १० अँपियर लिहिलेलं असतं, ते छापण्यापुरतं धरायचं. पंखा बिचारा ३० वॉटचा.

आता तक्रार. पहिल्याच दिवशी अॅपमधून पंखा बंद केला की टक आवाज यायचा, पंखा बंद व्हायचा आणि दोन सेकंदांनी परत चालू. दहातून तीनचार वेळा. मला वाटलं वायफाय, राउटर बदलून बघितला, वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन बँड वेगळे केले (हे रिले २.४ वरच चालतात हे लक्षात ठेवा, सेटअपला फोन पण त्याच नेटवर्कवर ठेवला तर डोकेदुखी कमी), काही फरक नाही. कंपनीच्या चॅटवर तीन दिवस "कृपया रिसेट करा". शेवटी वायरमनदादांनाच फोन केला तर ते फोनवरच हसले. मोटरवाला लोड आहे, बंद करताना झटका मारतो, त्या झटक्याने आतली चिप रिस्टार्ट होते, आणि रिस्टार्ट झाली की ती 'पॉवर आल्यावर चालू' ह्या सेटिंगप्रमाणे पंखा लावते. त्यांनी पंख्याच्या दोन वायरींमध्ये एक स्नबर जोडला, म्हणजे रेझिस्टर आणि कॅपॅसिटर एकत्र असलेली पिवळट चौकोनी वडी, ४० रुपये. त्या दिवसापासून एकदाही नाही. आता ४० रुपयांची वडी डब्यातच द्यायला काय होतं? निदान माहितीपत्रकात एक ओळ तरी. एक तारा मी ह्याच्यासाठीच कापलाय.

'पॉवर आल्यावर' हे सेटिंग तुम्ही पण बदला हां, आपल्याकडे लाइट जाते-येते. 'बंद' वर ठेवा. नाहीतर रात्री तीनला लाइट आली की पंखा सुरू आणि सगळं घर जागं.

कंपनीचं अॅप मी पंधरा दिवसांत सोडलं. दिसायला छान आहे, पण नियम सगळे त्यांच्या सर्व्हरवर, घरचं इंटरनेट गेलं की पंख्याची अक्कल पण गेली. बाथरूमचा ओलावा बाथरूममध्ये, पंखा बाथरूममध्ये, आणि विचारायला जायचं समुद्रापलीकडे? होम असिस्टंटमध्ये सगळं घरातल्या घरात होतं. शिकायला दोन शनिवार गेले हे कबूल करते, पण फुकट आहे आणि लोक ढिगाने मदत करतात.

आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. अॅपमध्ये तयार नियम येतो, 'आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पंखा चालू, खाली आली की बंद.' बाहेरच्या व्हिडिओत पण हेच सांगतात. अहो, जुलैत डोंबिवलीत बाहेरच ८५-९० असते! पंखा बाहेरची हवाच आत ओढणार ना, ती ६० होणार कुठून? आमचा पंखा ३ जुलैला सुरू झाला तो मी ५ जुलैला हाताने बंद केला. मधले दोन दिवस मी ऑफिसच्या कामात होते आणि सासूबाईंना वाटलं मीच मुद्दाम लावून ठेवलाय.

तर उपाय म्हणजे आकडा बघायचा नाही, फरक बघायचा. एक सेन्सर बाथरूममध्ये, एक बाहेर घरात. बाथरूम घरापेक्षा १० ने वर गेलं की चालू, फरक ४ च्या खाली आला की बंद. जुलैत घर ८६ आणि आंघोळीनंतर बाथरूम ९८, चालू. जानेवारीत घर ४८ आणि बाथरूम ८५, तरी चालू. तोच नियम बारा महिने. वरून ४५ मिनिटांची कमाल मर्यादा, काहीही झालं तरी त्यानंतर बंद.

वाचायला सोपं वाटतं ना? मला पण वाटलं होतं. पहिली गंमत, दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी ठेवले तर एक ७९ दाखवतो, दुसरा ७३. फरक ६, म्हणजे पंखा बंद व्हायची वेळच येणार नाही. ह्यासाठी घरगुती परीक्षा आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही, आणि दोन्ही सेन्सरसकट हवाबंद डब्यात आठेक तास ठेवून द्यायचं. आतली आर्द्रता ७५ च्या आसपास येऊन स्थिर होते, साधं खायचं मीठ, दुसरं काही नाही. मी माझा इडली पिठाचा डबा वापरला. सासूबाईंनी सकाळी उघडून बघितलं तर आत दोन पांढऱ्या चकत्या आणि मीठ, त्यांना वाटलं कोणीतरी काहीतरी करणी केली. खरंच, मी हसत नाहीये. तर जो ७९ दाखवत होता त्याच्यातून ४ वजा, जो ७३ त्याच्यात २ मिळवा, हे सॉफ्टवेअरमध्ये भरता येतं, झालं बरोबर.

दुसरी गंमत, घरातला सेन्सर ठेवायचा कुठे. आधी हॉलमध्ये टीव्हीमागे ठेवला. पावसात कपडे कुठे वाळत घालतो आपण? हॉलमध्ये, स्टँडवर, पंख्याखाली. हॉल गेला ९२ वर, बाथरूम ९८, फरक सहाच, पंखा लागेना. मग बेडरूममध्ये नेला. रात्री एसी लावला, एसीने हवा कोरडी केली, बेडरूम ५५, बाथरूम आपलं साधं ८४, कोणी आंघोळ केली नाही काही नाही तरी फरक २९, आणि रात्रभर दर थोड्या वेळाने पंखा घर्रर्र. शेवटी पॅसेजमध्ये, देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावला (समई लागत असते पण सेन्सर लांब आणि खाली आहे), तिथे ना एसी ना कपडे. तेव्हापासून नीट. बाथरूममधला दाराच्या वर आतल्या बाजूला आहे, शॉवरच्या समोर नको आणि पंख्याच्या वाटेत पण नको, एकदा त्याच्यावर पाणी बसलं की तो तासभर ९९ वरच अडकून राहतो. बॅटरी नाण्याएवढी, वर्षभर जाते म्हणतात, माझी दहा महिने झाले, अजून अर्धी दाखवतेय.

आणखी एक शोध, ह्याचा स्मार्ट-बिर्मार्टशी संबंध नाही. आमची खिडकी. वरती पंखा, खाली काचपट्ट्या उघड्या. अगरबत्ती धरून बघितलं तर धूर खालच्या पट्टीतून आत येतो आणि सरळ वर पंख्यातून बाहेर! बाथरूमची हवा तशीच लटकलेली. म्हणजे इतकी वर्षं आम्ही बाहेरची हवा बाहेर टाकत होतो. पट्ट्या बंद केल्या, दाराखाली बोटभर फट आहेच, आता हवा दाराखालून येते, पूर्ण बाथरूम ओलांडून पंख्यातून जाते. ओली फरशी वाळायला आधी दीड तास लागायचा तो आता चाळीस मिनिटं. तुम्ही एक रुपयाचं काही विकत घेऊ नका, आधी अगरबत्ती घेऊन बाथरूममध्ये उभं राहा. (पंख्यामागची झडप पण बघून घ्या, आमच्या झडपेत कबुतराच्या काड्या अडकून ती अर्धीच उघडत होती.)

आणि गॅस गीझर बाथरूममध्ये असलेल्यांनी कृपया हे वाचून "आता पंखा आपोआप लागतो" म्हणून निर्धास्त होऊ नका. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेलेली आहेत, त्याला वास नसतो, आर्द्रतेच्या सेन्सरला तो कळत नाही, आणि हवा यायला जागा नसेल तर एक्झॉस्ट फॅन गीझरचा धूर उलटा आत पण ओढू शकतो. तो गीझर बाहेरच हवा, विषय संपला.

वासाचं पण तसंच. सेन्सरला ओलावा कळतो, बाकीचं काही नाही. त्यामुळे भिंतीवरचं बटण चालूच राहिलं पाहिजे ही माझी अट होती, आणि रिलेला बटणाची वायर जोडता येते. बटण दाबून लावला की १२ मिनिटांनी आपोआप बंद. फक्त एक अडचण, आपलं बटण खाली-वर होणारं, आणि ह्या पद्धतीत बटणाची जागा बघायची नाही, ते हलवलं की स्थिती बदलते. त्यामुळे बटण 'बंद' दिसतं आणि पंखा चालू. आई (सासूबाई) दोन महिने रोज मला म्हणायच्या, "अगं हे बटण उलटं बसवलंय त्याने." आता घंटीसारखं दाबून सुटणारं बटण लावलंय, ७० रुपये, तक्रार बंद. सुरुवातीलाच तेच लावा.

पैसे वाचतात का? नाही. सरळ हिशोब आहे. ३० वॉटचा पंखा दिवसाला दोन तास चालला तर महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत, आणि चोवीस तास विसरलात तरी २१-२२ युनिट, म्हणजे दीड-दोनशे रुपये. ही डबी स्वतःच थोडी वीज खाते, रास्पबेरी पाय पण चालूच असतो. साडेचार हजारांच्या आसपास खर्च झाला, तो बिलातून वसूल होईल असं कोणी विकणारा सांगत असेल तर हो म्हणा आणि पुढे चला. मी ओलीसाठी केलं. ह्या दिवाळीला बाथरूमचं छत घासावं लागलं नाही, एका कोपऱ्यात चार ठिपके होते ते ब्लीचच्या फडक्याने गेले. रंग शाबूत आहे. पण ऐन जुलै-ऑगस्टमध्ये फार अपेक्षा ठेवू नका, बाहेर ९० असेल तर जगातला कुठलाही पंखा आतली हवा ७० करू शकत नाही, तो फक्त ९८ चं ९० करतो. टॉवेल तेव्हाही ओलसरच राहिले.

तारे: सेन्सरना पाच (मिठाची परीक्षा करून), रिलेला साडेतीन, कंपनीच्या अॅपला दीड, वायरमनदादांना पाच.

ताजी खबर म्हणजे परवा आईंचा ऑफिसात फोन, "अगं तुझा पंखा बिघडला, माझी आंघोळ होऊन अर्धा तास झाला तरी लागला नाही." मी फोनवरच आलेख उघडला, फरक सहाच्या वर गेलाच नव्हता. विचारलं, आई, गरम पाणी घेतलंत का? तर म्हणे एवढ्या उकाड्यात गरम पाणी कोण घेतं, बादलीभर गार घेतलं.