‘सिंहासन’ आधी की ‘मुंबई दिनांक’?

अरुण साधूंनी नोकरी केली ती मुख्यतः इंग्रजी वृत्तपत्रांत, कादंबऱ्या मात्र लिहिल्या मराठीत. त्यातली पहिली कोणती वाचावी? माझं मत ‘सिंहासन’ला (१९७७). मुख्यमंत्र्यांची खुर्ची डळमळते, आमदारांची जुळवाजुळव सुरू होते आणि पत्रकार दिगू टिपणीस हे सगळं अगदी जवळून बघत राहतो. बातमीत जे छापता येत नाही, ते इथे पानोपानी सापडतं. ‘मुंबई दिनांक’ त्याआधीची. तिच्यात शहरच नायक आहे, त्यामुळे वाचायला जरा धीर लागतो. जब्बार पटेलांच्या १९७९च्या ‘सिंहासन’ चित्रपटाला या दोन्हींचा आधार आहे, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला निळू फुल्यांचा दिगू पाहिलात की ‘सिंहासन’ हातात घ्याच. दिगू तिथे आणखी जवळून भेटतो.